टाकणीतले

ठेवणीतले कपडे सगळ्यांकडेच असतात.
तुमच्या कपाटात सगळ्यात खालचा खण
टाकणीतल्यांचा होता.

बगलेत पिवळा पडलेला बनियन,
टाचेला जाळी झालेले मोजे,
असलं काही घरी घालायचं नाही,
फेकायचंही नाही.
‘पुढच्या प्रवासाला,’ म्हणायचात,
आणि घडी अशी घालायचात
जशी काही बढतीच मिळालीय त्यांना.

एक रात्र, एक कपडा.
सकाळी तो कचऱ्याच्या डब्यात,
आणि पिशवी तेवढी हलकी.
रेल्वेत छत्तीस वर्षं पार्सलं तोललेला माणूस,
ग्रॅमवरचा जीव सुटला नाही शेवटपर्यंत.

मार्चमध्ये तुम्ही गेलात.
ऑक्टोबरात मी खण उघडला:
तीन बनियन, एक जोड मोजे,
आणि तो फ्लॅनेलचा शर्ट, ज्याची कॉलर
मी दोनदा उलटून शिवली होती.
वर तुमच्या बारीक अक्षरात चिठ्ठी –
गोनो लाइन. पाच रात्री. समुद्राकडची खिडकी.

यासुओ म्हणाला, आई,
बुधवारी जुने कपडे नेणारी गाडी येते.
बुधवारी मी गाडीतच होते.
दुसऱ्या.

नोशिरोला रात्री तुमचा बनियन घातला.
तुम्ही काही धिप्पाड नव्हतात,
तरी खांद्यावरून घसरत राहिला.
सकाळी पांढऱ्या कागदात गुंडाळला,
वर चिमूटभर मीठ, बायका घालतात तसं.
तुम्ही म्हणाला असतात,
या मिठाचं वजन कुणाच्या नावावर धरायचं?

फुकाउराला मोजे
न्हाणीघराबाहेरच्या डब्यात टाकले, संध्याकाळीच.
रात्रभर लाटा खिडकीशी येऊन
काहीतरी विसरल्यासारख्या परत जात होत्या.
सकाळी स्टेशनवर पोचते न पोचते तोच
लॉजमधली कुदो नावाची पोरगी
सायकल आडवी टाकून धावत आली.
हातात मोजे.
धुतलेले, शेगडीवर वाळवलेले,
टाचेला तपकिरी धाग्याची रफू.
‘राहिले होते तुमचे. आजीनं जरा टाके घातलेत.’

राहिले नव्हते गं, टाकले होते.
एवढंच म्हणायचं होतं.
नाही म्हणता आलं.
मी वाकले, ती वाकली,
मी पुन्हा वाकले,
दार लागेपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

गाडीत बूट काढून ते मोजे घातले.
रफू किंचित टोचत होती.
टाकलेलं परत आलं तर
ते कुठल्या रकान्यात मांडायचं,
हे तुमच्या हिशेबात नव्हतंच कधी.

आजिगासावाला एक बनियन गेला,
गोशोगावाराला एक.
ते कुणी आणून दिले नाहीत.
मी मात्र दोन्ही स्टेशनांवर
गाडी सुटेपर्यंत मागे बघत होते.

हिरोसाकी. शेवटची रात्र, फ्लॅनेलचा शर्ट.
बाहेर सफरचंदांच्या पेट्या चढवत होते ट्रकवर,
थंडी अशी की श्वास दिसावा.
सकाळी डब्यासमोर बराच वेळ उभी राहिले.
मग माझा राखाडी कार्डिगन काढला,
दोनदाच घातलेला, भाचीच्या लग्नात
आणि तुमच्या वेळी.
त्याचीच घडी घालून ठेवली डब्यात,
आणि शर्टाची बटणं लावत निघाले.

घरी येऊन तीन दिवस झाले
तर हॉटेलातून फोन.
‘आपला एक कार्डिगन इथं राहिलाय.
पाठवून देऊ का?’
या वेळी म्हटलं,
अगदी स्पष्ट, तुमच्यासारखं,
‘राहिला नाही. टाकलाय मी तो.’

पलीकडे कुणी बोलेना.
मागे कुठेतरी झाडलोटीच्या मशीनचा आवाज.
मग तो मुलगा, असेल विशीतला,
हळूच म्हणाला,
‘चांगला आहे हो अजून.’